इंजिन बदलायचं ठरलं तेव्हा

यांच्या तेरवीला, शेवटची पंगत उठायच्या आत, जीपचं इंजिन बदलायचं ठरलं. ठरवलं माझ्या धाकट्या दिराने. हात धुवायच्या आधीच तो मांडवात उभा राहिला आणि म्हणाला, "ते इंजिन पह्यले काढून फेका. त्या इंजिनानं माह्या भावाले खाल्लं." माझा मुलगा वाढत होता, त्याच्या हातात वरणाची बादली होती. मान खाली घालून तो म्हणाला, "हाव काका. बदलून टाकतो." मी खांबाला टेकून बसले होते. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मला काही सांगायचं नव्हतं. मला तेव्हा एवढंच दिसत होतं की वरण फार पातळ झालंय.

आम्ही अंजनगाव सुर्जीच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून दीड-दोन किलोमीटर आत, वावरातच घर बांधून राहतो. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. लोकांना फुलांचं वावर म्हटलं की फार छान वाटतं. त्यांनी एकदा पावसाळ्यात आमच्या पांदणीतून, म्हणजे वावराच्या वाटेने, चालून दाखवावं. काळी माती आधी चप्पल धरते, मग पाय धरते, मग म्हणते बस इथेच. मोटारसायकलच्या चाकात चिखल भरला की चाक फिरतच नाही, ती तिथेच उभी करून यावं लागतं. म्हणून आमच्याकडे जीप. चारही चाकांनी ओढणारी, टपाच्या जागी ताडपत्री असलेली. आमच्या लग्नाच्या आधी यांनी ती जुनीच घेतली होती, आणि तिचं पेट्रोलचं इंजिन काढून अकोल्याच्या एका मिस्त्रीकडून डिझेलचं बसवून घेतलं होतं. तरी हे ज्याला त्याला सांगायचे, "ओरिजनल इंजिन हाये." मी म्हणायची, बदललेलं इंजिन ओरिजनल कसं? हे म्हणायचे, "मी लावलं न, मंग ओरिजनलच." दुसऱ्याच्या चुका दुरुस्त करायची मला खोड आहे. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवल्यावर ती लागतेच. यांच्या बाबतीत मात्र मी पुढे पुढे नाद सोडला होता.

ही जीप चावी फिरवून बंद होत नाही. चावी काढून खिशात टाका, घरात जा, ती आपली दारात धडधडत उभी. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, डॅशबोर्डखाली, एक काळी गुंडी आहे. ती ओढली की इंजिनाचं डिझेल तुटतं आणि ते बंद पडतं. मग गुंडी पूर्ण आत ढकलून ठेवायची, नाहीतर पुढच्या वेळी गाडी सुरू होत नाही. एवढं मी इतक्या वर्षांत पाहून पाहून शिकले होते. पण पाहणं वेगळं आणि निरीक्षण वेगळं, हे वर्गात मीच सांगायची.

इंजिन थकलं होतं हे खरंच होतं. ते ऑइल प्यायचं, चढावर काळा धूर सोडायचं. मागच्या वर्षी यांनी मुलाला म्हटलं की आता नवीन नाही तर चांगलं जुनं इंजिन पाहू. मुलाचं अमरावतीला राजापेठेत फुलांचं दुकान आहे. आमचा माल तोच विकतो. तो म्हणाला, "बाबा, यंदा दुकानाचं होऊ द्या, इंजिन पुढच्या साली." हे बरं म्हणाले. वाद झाला नाही, कोणी रुसलं नाही. घरोघरी असं बोलणं होतं आणि लोक विसरून जातात. आमच्याकडे ते विसरलं गेलं नाही.

आता दसऱ्याचं सांगते. फुलवाल्यांचा दसरा म्हणजे सगळ्या जगाच्या दाराला तोरण आणि आपलं दार बोडकं. आदल्या दिवशी पहाटेपासून तोडा, माळा, जीप भरून राजापेठ, आणि दसऱ्याच्या दुपारी रिकामी जीप घेऊन परत. मग जे उरलंसुरलं असेल त्याची आमची पूजा. जीपची पूजा सगळ्यांत शेवटी. हे तिला धुवायचे, कुंकू लावायचे आणि समोरच्या जाळीला माळ बांधायचे. ती माळ दिवाळीच्या लक्ष्मीपूजनापर्यंत काढायची नाही, ही यांच्या वडिलांपासूनची रीत. फुलं सुकून गळली तरी दोरा राहू द्यायचा.

त्या दसऱ्याला हे परत आले तेच दमून. मला म्हणाले, "माळ आज तूच बांध." आभाळ भरून आलं होतं. बाहेर बांधली तर रात्रीतून सडेल, म्हणून मी शहाणपणा केला आणि माळ आतून डॅशबोर्डला बांधली. एक टोक आरशाला, आणि दुसरं कुठे बांधावं म्हणून पाहिलं तर ती काळी गुंडी हाताला आली. तिला मागून दोन वेढे दिले आणि गाठ मारली. दोरा नायलॉनचा होता. तोही माझाच शोध. हे सुती दोऱ्यात ओवायचे, तो पावसात तुटायचा आणि फुलं रस्त्यात सांडायची. दोन वर्षांपूर्वी मी नायलॉन आणला. हे म्हणाले होते, "देवाच्या फुलाले प्लास्टिक कायले?" मी म्हटलं होतं, देवाला चालतं, तुटत नाही ना ते पाहा. त्या वादात मी जिंकले होते.

दसऱ्यानंतर जीप जड झाली. तीन-चारदा सेल मारल्याशिवाय सुरू होईना, झाली तरी तिच्यात ओढ राहिली नाही. हे म्हणाले, "गेलं आता इंजिन. दिवाळी झाली का पाहू." आम्ही सगळ्यांनी मान्य केलं. जुन्या गाडीचं काही बिघडलं की इंजिनावरच आळ घालायचा, म्हाताऱ्या माणसाचं काही दुखलं की वयावर घालतात तसं.

पंधरवडाही झाला नव्हता. परतीचा पाऊस दोन दिवस लागून होता. मुलगा दिवाळीच्या फुलांचं पाहायला घरी आला होता. सकाळी सातच्या सुमाराला यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "छातीत भरल्यासारखं होऊन राहिलं." घामाने सदरा ओला झाला होता. मुलाने फोन लावला. ॲम्ब्युलन्स निघाली, पण ती डांबरी रस्त्यापर्यंतच येणार होती, आत येणं शक्यच नव्हतं. आम्ही दोघांनी यांना धरून जीपमध्ये, ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं. मुलगा स्टिअरिंगवर बसला आणि सेल मारला. इंजिन फिरलं, पण पेटलं नाही. पुन्हा मारला. पुन्हा नाही.

मी यांच्या बाजूला दारात उभी होते, पाय चिखलात. यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी उजवा हात उचलला आणि समोर माळेकडे नेला. मला वाटलं, यांना नमस्कार करायचाय. मी तो हात धरला, माळेला लावला, यांच्या कपाळाला लावला आणि खाली मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने त्यांनी तो पुन्हा उचलला. मी पुन्हा तसंच केलं.

मुलगा सेल मारत राहिला. बॅटरी बसत गेली, आवाज बारीक होत गेला, शेवटी नुसती टिकटिक उरली. काकाचा फोन लागेना, मग तो खाली उतरून नाल्यापलीकडे काकाच्या वावराकडे धावत गेला. दिराचा ट्रॅक्टर येईपर्यंत तासभर गेला. ट्रॉलीत गादी टाकून यांना डांबरी रस्त्यावर नेलं, तिथून अंजनगाव. डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, उशीर झाला. त्यांनी ते दोनच शब्द म्हटले, आणि ते माझ्या मुलाकडे पाहून म्हटले, कारण पुढे तोच उभा होता.

मी रडले नाही. बायकांनी मला रडवायचे पुष्कळ प्रयत्न केले. बाई, मोकळी हो, असं म्हणत गळ्यात पडत होत्या. मी त्यांच्या पाठीवर थोपटत होते. अस्थी कौंडण्यपूरला वर्धा नदीत सोडल्या, तेव्हा मी पायऱ्यांवर बसून पलीकडच्या काठावर कोणी गोधडी धूत होतं ते पाहत होते. लोकांना वाटलं मी धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. आत काही हलतच नव्हतं. इंजेक्शन दिल्यावर दात काढतात, तेव्हा ओढलेलं कळतं पण दुखत नाही, तसं होतं. दिवाळी सुतकात गेली. मी शेवंती तोडली, माळा ओवल्या, नायलॉनच्याच. जीप दिराने ट्रॅक्टरने ओढून गोठ्याच्या बाजूला लावली होती. तिला कोणी सुरू करून पाहिलं नाही आणि माळ काढायचं कोणाच्या मनात आलं नाही.

मुलाचं मात्र दिसत होतं. तो गाडी चालवेना. मोटारसायकल राजापेठेत दुकानामागे ठेवून अमरावतीहून एसटीने यायचा आणि डांबरी रस्त्यापासून पायी. आला की जीपमध्ये जाऊन बसायचा, काही न करता. एकदा जेवायला बोलवायला गेले तर म्हणाला, "आई, मी बाबाले हो म्हनलं असतं तं एका दिवसाचं काम होतं." मी म्हटलं, चल, भाकर थंड होतेय. त्याच्या वाट्याचं दुःख मला समजत होतं, पण ते माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. आईने असं लिहू नये, पण तसंच होतं.

संक्रांतीनंतर जीप एका टेम्पोवर चढवली आणि आम्ही दोघं दर्यापूरमार्गे अकोल्याला गेलो. मिस्त्री तोच, ज्याने पहिल्यांदा डिझेलचं इंजिन बसवलं होतं. आता सत्तरीचा, पांढरी दाढी, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. यांचं कळल्यावर तो बराच वेळ हात पुसत राहिला. मग म्हणाला, "भाऊ अन् मी या गाडीखाली झोपून जेवलो हावो." मुलाने सांगितलं की इंजिन बदलायचंय. मिस्त्रीने एक पत्ता दिला. अपघातात गेलेल्या एका गाडीचं इंजिन तिथे होतं, जवळपास नवंच. "तू पाहून ये. तवरिक मी हे पाहून घेतो," तो म्हणाला. मुलगा रिक्षाने गेला. मला मिस्त्रीने स्टूल दिलं.

मिस्त्रीने बॅटरी बदलली आणि आत बसला. सेल मारला. इंजिन फिरलं, पेटलं नाही. मला तो आवाज ओळखीचा होता. मी रस्त्याकडे पाहत राहिले. मिस्त्री उतरला नाही. त्याने पुन्हा सेल मारला आणि कान दिला. "डिझेलच येऊन नाही राहिलं," तो स्वतःशी म्हणाला. मग त्याचा हात काळ्या गुंडीकडे गेला, जसा चाळीस वर्षं अशा गाड्या केलेल्या माणसाचा जाईल. त्याने गुंडी आत दाबली. ती दबली नाही.

त्याने चष्मा लावला, वाकून पाहिलं, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक घालून हळूहळू दोरा सोडवला. रोज गुंडी ओढायची, ढकलायची, त्यात ते दोन वेढे मागे सरकत सरकत एकावर एक चढले होते. त्यात वाळलेल्या झेंडूचे देठ अडकले होते. बोटाच्या पेरापेक्षा कमीच जाड, पण गुंडी पूर्ण आत जाऊ न देण्याइतके. मिस्त्रीने गुंडी ढकलली. खट आवाज झाला. त्याने सेल मारला आणि जीप दुसऱ्या फेरीला सुरू झाली.

तो तसाच बसून राहिला. इंजिन धडधडत होतं. धूर आला, मग कमी झाला. "मशीन तं चांगलं हाये, बाई," तो म्हणाला. "म्हातारं हाये, पन चांगलं हाये." मग दोरा हातात धरून विचारलं, "हे कोनं बांधलं?"

"मी," मी म्हटलं.

त्याने दोरा माझ्या हातात दिला. मी तो पर्समध्ये ठेवला. सुती असता तर पहिल्याच ओढीला तुटला असता, असं माझ्या मनात आलं. अगदी वर्गात सांगावं तसं, शांतपणे आलं.

मिस्त्री उतरून माझ्यासमोर उकिडवा बसला. "पोराले माहीत नाही न?" मी मान हलवली. "मंग असं करू," तो म्हणाला. "जुनं तं हायेच हे. बदलाचं म्हनता तं बदलून देतो. मी कोनाले काही बोलनार नाही." मग म्हणाला, "पन चालतं इंजिन काढाले हात उठत नाही, हे बी सांगून देतो."

मी त्याला म्हटलं, पोरगा आला की तुम्ही काही बोलू नका. गाडी बंद करायला मी उठले. गुंडी मी ओढली आणि पुन्हा पूर्ण आत ढकलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. जरा जडच होती.

मुलगा आला तो जवळजवळ धावतच. इंजिन चांगलं होतं, त्याने पक्कं करून टाकलं होतं, इंजिनवाला संध्याकाळपर्यंत टेम्पो घेऊन येणार होता. दोन-अडीच महिन्यांत मी त्याला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. "आई," तो म्हणाला, "हे बसवलं का मले वाटन, मी बाबाचं ऐकलं."

खरं सांगते, मी तेव्हा गप्प बसणार होते. का नाही? इंजिन तसंही जुनं होतं. त्याचं समाधान होणार होतं, दिराचं होणार होतं, आणि माझा दोरा पर्समध्ये राहणार होता. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, मी पर्सची चेन लावली. तो उठला. बॉनेट उघडून दोन नट सैल केले, मग छताच्या लोखंडी तुळईला बांधलेली साखळी खाली सोडली. मुलगा ती साखळी धरून उभा होता. त्याच्या मनगटाचं हाड वर आलेलं मला दिसलं. हा मुलगा नवं इंजिन चालवेल आणि दर वेळी ते सुरू झालं की म्हणेल, एवढंच करायचं होतं. मरेपर्यंत म्हणेल. आणि मी शेजारी बसून ऐकेन.

वर्गात मी एक गोष्ट शेकडो वेळा सांगितली असेल. कारण शोधायचं असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा. सगळंच बदललं तर गाडी चालेल, पण काय बिघडलं होतं ते कधी कळणार नाही.

"थांबा," मी मिस्त्रीला म्हटलं. "ते नट परत कसा." मुलाला म्हटलं, "आत बस. सेल मार."

"बॅटरी—"

"बॅटरी नवी आहे. मार."

त्याने मारला. जीप सुरू झाली. तो माझ्याकडे पाहत राहिला. मी गुंडी ओढून ती बंद केली. पर्समधून दोरा काढला आणि गुंडीच्या मागे वेढे दिले, देठांसकट, मिस्त्री सोडवताना मी पाहिले होते तितके. गाठ मारली. गुंडी जाईल तेवढी आत ढकलली. "आता मार."

इंजिन फिरलं, पेटलं नाही. त्याने पुन्हा मारला. पुन्हा नाही. तोच आवाज, त्या सकाळचा. त्याचे हात स्टिअरिंगवरच राहिले. मी दोरा काढला आणि गुंडी आत ढकलली. "मार." त्याने मारला नाही. त्याला कळलं होतं. मिस्त्री गॅरेजच्या बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

"दसऱ्याची माळ?" मुलाने विचारलं.

"हो. मी बांधली होती. इंजिन चांगलं होतं. तू हो म्हटलं असतंस आणि नवं बसवलं असतंस, तरी ते सुरू झालं नसतं. तुझं काही चुकलं नाही."

"मी अर्धा तास सेल मारत होतो, आई."

"हो."

"तू बाजूलेच उभी होती."

"हो."

त्याने डोकं स्टिअरिंगवर टेकवलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्याने तो झटकला नाही. रडताना त्याचे खांदे हलत होते आणि माझ्या हाताखाली मला ते कळत होतं. मी वाट पाहत होते की आता मलाही रडू येईल. आलं नाही. मग त्याने तोंड पुसलं, फोन करून त्या इंजिनवाल्याला नको म्हणून सांगितलं, शिव्या ऐकून घेतल्या. मिस्त्रीने ऑइल बदललं, दोन पाइप बदलले. निघताना मिस्त्रीने गुंडीला हात लावून ती पूर्ण आत आहे का ते पाहिलं.

येताना जीप मुलानेच चालवली. दर्यापूरच्या पुढे दोन्हीकडे तूर उभी होती. तो म्हणाला, "कोनाले सांगू नको हे." मी तुरीकडे पाहत राहिले.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि दीर अंगणात खाटेवर बसलेला होता. जीपचा आवाज ऐकूनच त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने बॉनेट उघडायला लावलं. "हे तं तेच हाये. काहून नाही बदललं?"

मुलगा सहज म्हणाला, "इंजिन चांगलं निघालं काका. बॅटरी उतरली होती. मले चार्जिंगले लावाची होती, मी इसरलो."

तो इतक्या सरळपणे बोलला की मीसुद्धा क्षणभर मान हलवली. दिराने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत डॉक्टरांचेच दोन शब्द होते. मुलाने ती नजर घेतली आणि उभा राहिला. अकोल्यात मी त्याच्या डोक्यावरून जे उतरवलं होतं, ते त्याने पुन्हा आपणच चढवून घेतलं होतं. माझ्यासाठी. तेव्हा माझ्या आत काहीतरी हललं. दुखलं. ऑक्टोबरपासून पहिल्यांदाच.

"खोटं बोलून राहिला तो," मी म्हटलं. आयुष्यभर शाळेची भाषा बोलले, पण हे वाक्य यांच्या बोलीतच आलं. "बॅटरी नाही, इंजिन नाही. दसऱ्याची माळ मी गुंडीले बांधली होती. त्या दोऱ्यानं गाडी सुरू झाली नाही." आणि पर्स उघडून दोरा त्याच्या हातावर ठेवला.

दिराने तो पाहिला. मला वाटलं, हा आता मला बोलेल, आणि बोलावं असं मला वाटत होतं. तो म्हणाला, "वयनी, माळ बांधाची रीत तं आमच्याच घरची हाये न." मग उठून आपल्या घराकडे गेला. दोरा खाटेवर तसाच ठेवून गेला. मी तो घेतला आणि चुलीत टाकला. नायलॉन आहे, जळताना घाण वास आला.

दिवाळीपर्यंत ठेवायची माळ आमच्याकडे आता दसऱ्याच्या संध्याकाळीच काढतात. इंजिन तेच आहे. मुलगा मोटारसायकलवर येतो-जातो, पावसात जीप काढतो. बंद करायची वेळ आली की गुंडी ओढायला मला सांगतो, मी ओढते आणि पूर्ण आत ढकलते.

माळेचं मी सांगितलं. हाताचं कोणाला सांगितलं नाही. यांनी दोनदा हात समोर नेला होता, माळेकडे किंवा गुंडीकडे. मैलभरावरून जीपचा आवाज ओळखणारा माणूस, डिझेल येत नाही हे त्याला कळलं नसेल का? की खरंच नमस्कार करायचा होता? मला माहीत नाही, आणि यात बदलून पाहण्यासारखी एकही गोष्ट शिल्लक नाही. मी तो हात दोन्ही वेळा धरला, कपाळाला लावला आणि खाली ठेवला. दुसऱ्यांदा ठेवला तेव्हा जरा जोरानेच ठेवला होता.